पांढऱ्या पिंजऱ्यातला बूट

"थांबा! थांबा! तो गठ्ठा खाली ठेवा!" जोलदोश बायके, म्हणजे जोलदोशकाका, ट्रकवरूनच ओरडले.

तिलेक आणि ग्लेबने पुठ्ठ्यांचा गठ्ठा कमरेपर्यंत उचलला होता. तो तसाच धरून दोघे उभे राहिले. जोलदोश बायके खाली उतरले, दोन बोटांनी वरचा पुठ्ठा उचलला, आणि त्याखालून शेणाचा ओला गोळा थेट त्यांच्या बुटावर पडला.

"हे काय आहे?"

"शेण," ग्लेब म्हणाला. कुठं गप्प बसावं हे ग्लेबला कधीच कळलं नव्हतं.

"ते मलाही दिसतंय, शहाण्या! कारखाना कागदाचा आहे, गोठा नाही. मागच्या शनिवारी तुमच्यापायी मी बोलणी खाल्ली!"

"बायके, काल संध्याकाळी सगळं कोरडं होतं. अगदी कडकडीत! मी स्वतः हात लावून बघितलं होतं," बेगिमाय कळवळून म्हणाली.

"मग सकाळी काय झालं?"

तेच तर कुणाला कळत नव्हतं! सुट्टी लागल्या लागल्या या तिघांनी कोक-बुलाकच्या चौकात जाळीचे तीन पिंजरे उभे केले होते. प्लॅस्टिकचा निळा, काचेचा हिरवा आणि कागदाचा पांढरा. वेल्डिंग ग्लेबच्या बाबांनी करून दिलं होतं. कुबात बायके खाणावळीतल्या बाटल्या द्यायचे, झामिरा एजे, म्हणजे झामिराताई, बेकरीतल्या पिठाच्या कागदी पिशव्या द्यायच्या, आणि दुकानदार खोकी. पोरं दुपारभर ते निवडायची, चेपायची, बांधायची. शनिवारी ट्रक यायचा आणि माल घेऊन शहराकडे जायचा. सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मग रोज सकाळी पांढरा पिंजरा आडवा पडलेला दिसायला लागला. आतले पुठ्ठे फाटलेले, तुडवलेले, लाळेने चिंब.

"निदान काच आणि प्लॅस्टिक तरी न्या!" तिलेकने गळ घातली.

"त्या मूठभर बाटल्यांसाठी एवढा डोंगर कोण चढेल, बाळा? ट्रक भरतो तो पुठ्ठ्यानं." जोलदोश बायकेंनी बूट गवतावर पुसला. माणूस वाईट नव्हता, पण वैतागला होता. "पुढच्या शनिवारी एकदा येईन. तेव्हाही हेच असलं, तर मग कोक-बुलाकचं नाव माझ्यापाशी काढायचं नाही."

ट्रक रिकामाच गेला. दुपारी नगरपालिकेचा ट्रॅक्टर आला आणि पोरांनी आठवडाभर जपलेला सगळा माल उचलून गावामागच्या घळीत ओतला. घळीत जे पडतं ते पेटवलं जातं. कोक-बुलाकमध्ये असंच चालत आलं होतं, म्हणून तर या तिघांनी हे सगळं मांडलं होतं.

संध्याकाळी वारा फिरला. काळा, चिकट धूर थेट बेगिमायच्या घरावर आला.

तिचा धाकटा भाऊ बायएल सात वर्षांचा होता. संध्याकाळी कुरणातून गुरं परतली की वेशीवर उभं राहून आपल्या गायीला हाक मारायची, हे काम त्यानं स्वतःच स्वतःकडे घेतलं होतं. "कारा-काऽऽश!" अशी लांबलचक हाक. त्या दिवशी त्यानं "कारा" म्हटलं आणि पुढे नुसता खोकला. खोकता खोकता तो खालीच बसला.

आपांनी, म्हणजे त्यांच्या आजीनं, खिडक्या बंद केल्या, ओल्या चादरी लावल्या, त्याला गरम दूध पाजलं. बेगिमाय त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. आणखी काय करणार? त्या धुरात त्यांनीच निवडलेले, चेपलेले, दोरीने बांधलेले गठ्ठे जळत होते. आपण ते गोळा केलेच नसते तर निदान एका दिवशी एकदम जळले नसते, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

"दीदी, तू का रडतेस?" बायएलनं धापा टाकत विचारलं. "खोकला तर मला आलाय!"

सोमवारी तिघं मोठ्या माणसांकडे गेले. कुबात बायके खाणावळीच्या दारात कांदे चिरत होते.

"माझ्याकडे काय बघता? बाटल्या मी धुऊन देतो! बेकरीवालीला विचारा."

झामिरा एजे तंदुरात डोकं घालूनच बोलल्या, "मी? माझ्या पिशव्या तर झटकलेल्या असतात! त्या खाणावळवाल्याला विचारा."

शेवटी ते नगरपालिकेत गेले. तिथले तुरदुबेक बायके चहात मुरंबा ढवळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, निदान तसं दाखवलं.

"मुलांनो, हौस चांगली. पण चौकात घाण होते. शनिवारनंतर पिंजरे हलवू."

"पण बायके, धूर..."

"वारा माझ्या खात्यात येत नाही," असं म्हणून त्यांनी बशी जवळ ओढली.

बाहेर आल्यावर तिलेकच्या अंगाचा तिळपापड झाला. "वारा म्हणे खात्यात येत नाही! मुरंबा बरा येतो!"

त्या संध्याकाळी त्यांनी पांढऱ्या पिंजऱ्याच्या झाकणावर भलाथोरला दगड ठेवला. उचलताना ग्लेबचे डोळे बाहेर आले होते. सकाळी पाहतात तो पिंजरा पुन्हा आडवा! आणि दगड? दगड भिंतीशी नीट ठेवलेला होता. वर कुणीतरी माती झटकल्याच्या खुणासुद्धा होत्या.

"गायींनीच केलंय. ही लाळ बघा," तिलेक म्हणाला.

"गाय दगड उचलून भिंतीशी ठेवते?" बेगिमायनं विचारलं.

"आमची नाही ठेवत. तुमची जरा शिकलेली असेल," ग्लेब म्हणाला.

पण बेगिमाय हसली नाही. ती पुठ्ठे उलटेपालटे करत होती. एका घडीत तिला प्लॅस्टिकच्या पिशवीची चिंधी सापडली, आणि तिच्यात नानचा एवढासा तुकडा.

तिघं त्या तुकड्याकडे बघतच राहिले. कोक-बुलाकमध्ये कचऱ्यात नान? इथं जमिनीवर पडलेला तुकडा दिसला तर माणूस सायकल थांबवतो, तुकडा उचलतो, कपाळाला लावतो आणि उंच जागी ठेवतो. ग्लेबच्या रशियन घरीसुद्धा नानचा अपमान नको म्हणून तो कुणी उलटा ठेवत नाही.

"असा कोण आहे तो?" तिलेक कुजबुजला. "किती नीच माणूस असेल!"

"उद्या पकडूया त्याला," ग्लेबनं बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास तिघं दुकानामागच्या लाकडांच्या ढिगाआड दबा धरून बसले. गुरं अजून निघाली नव्हती. खाणावळीचं धुराडं नुकतंच धुमसायला लागलं होतं. थंडीनं तिलेकचे दात वाजत होते, आणि ग्लेब त्याला दर थोड्या वेळानं "दात आवर!" म्हणत होता.

गल्लीतून पावलांचा आवाज आला. पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी सावकाश चौकात आली.

"अगं, ही तर तुझी आपा!" ग्लेब म्हणाला, आणि तिलेकनं त्याचं तोंड दाबलं.

आपांच्या हातात पिशवी होती. पिंजऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी आधी हात वर केला, कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत. तिथं काहीच नव्हतं. हात हवेत चाचपडला आणि खाली आला. मग त्या पांढऱ्या पिंजऱ्याकडे वळल्या. दगड कसाबसा सरकवून भिंतीशी ठेवला, त्याची माती झटकली, शिळा नान कपाळाला लावला आणि जपून आत ठेवला.

त्यांच्यामागून कुबात बायके आले, खाणावळीतले उरलेले तुकडे घेऊन. मग झामिरा एजे. आणि सगळ्यांत शेवटी, बगलेत वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन, साक्षात तुरदुबेक बायके! नान ठेवून झाल्यावर त्यांनी पुठ्ठ्यांकडे बघून "घाण, घाण!" म्हणत मान हलवली आणि ते निघून गेले.

मग गुरं आली. पहिल्याच गायीनं नाक खुपसून झाकण उडवलं. ती कारा-काश होती!

"चला, सांगूया सगळ्यांना! आत्ताच्या आत्ता!" तिलेक उठला.

"काय सांगणार?" बेगिमायनं त्याची बाही ओढली. "माझ्या आपाला जाऊन सांगणार, की तू नान कचऱ्यात टाकतेस म्हणून? ती दोन दिवस जेवणार नाही! आणि तिनं टाकला नाहीये रे. तिनं ठेवलाय."

"कचऱ्याच्याच पेटीत ना?"

"तिला ती कचऱ्याची वाटतच नाही! पांढरी आहे, झाकण आहे. गल्लीत याहून स्वच्छ जागा आहे कुठं? आपणच रोज पुसतो!" तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि त्या कोपऱ्यात वर काय होतं, आठवतं?"

तिलेकचा चेहरा हळूहळू उतरला. तिथं एक वाकडा, खिळे ठोकलेला खांब होता. गल्लीतली माणसं शिळ्या नानच्या पिशव्या त्या खिळ्यांना टांगायची आणि ज्यांच्याकडे गुरं आहेत ती घेऊन जायची. पिंजरे उभे करायच्या दिवशी चौक छान दिसावा म्हणून तो खांब पोरांनीच उपटला होता. सगळ्यात जास्त जोर तिलेकनं लावला होता.

"आहे अजून," तो ओशाळून म्हणाला. "आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू दिलाय."

म्हणजे चूक आपली! पण ती दुरुस्त करणंही काही हातात नव्हतं. तिघं पुन्हा नगरपालिकेत गेले. चौकात खांब पुरायचाय, एवढंच बेगिमायनं सांगितलं. कशासाठी ते सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"चौकात खड्डा? परवानगी लागते," तुरदुबेक बायके म्हणाले. "अर्ज करा. महिन्याभरानं बघू."

"पण शनिवारी ट्रक येतोय!"

"ट्रकही माझ्या खात्यात येत नाही."

तिघं पायरीवर बसले. आता शनिवार अगदी तोंडावर आला होता. घळीतून अजूनही एक बारीक धुराची रेघ वर जात होती. तिकडे बघून बेगिमायला वाटलं, मोठी माणसं झोपेत असती तर हलवून जागी तरी करता आली असती. ही तर जागी होती, प्रेमळ होती, देवाला भिणारी होती. अशा माणसांपुढे बारा वर्षांच्या मुलीनं काय करायचं?

ग्लेब आपल्या बाबांचे जुने बूट घालून आला होता. पायापेक्षा मोठे, डांबर लागलेले, तळाला भोक पडलेले. त्यानं एक काढून आतला खडा झटकला. बेगिमाय त्या बुटाकडे टक लावून बघायला लागली.

"ग्लेब, हा बूट मला देशील?"

"एकच? मग दुसऱ्याचं मी काय करू?"

"दे तर खरा!"

शुक्रवारी सकाळी तिघं पुन्हा लाकडांआड बसले होते. पांढऱ्या पिंजऱ्यात, पुठ्ठ्यांच्या अगदी वर, जाळीतून लांबूनही दिसेल असा तो बूट विराजमान झाला होता.

पहिल्या झामिरा एजे आल्या. झाकण उघडलं आणि किंचाळल्याच, "ओय, देवा! नानच्या जागी बूट!"

खाणावळीतून कुबात बायके धावत आले. बूट बघून त्यांनी हातातली टोपली छातीशी घट्ट धरली. "कुणाचं काम आहे हे? लाज नाही वाटत?"

आपा आल्या. आणखी चार घरची माणसं आली. प्रत्येकाच्या हातात नान! खाली ठेवता येईना, आत ठेवता येईना, घरी परत न्यायचा तर तो शिळा. सगळा चौक नान हातात धरून नुसता उभा होता. गेले कित्येक दिवस पोरांची जी गत झाली होती, तीच आता मोठ्यांची झाली होती.

"काय गडबड आहे?" तुरदुबेक बायके गर्दीतून वाट काढत आले. बगलेत गुंडाळी होतीच. बूट बघून त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "कुणी टाकला हा?"

बेगिमाय लाकडांआडून बाहेर आली.

"मी, बायके. पण तुम्हीच तर म्हणालात, ही घाण आहे. कचऱ्याच्या पेटीत बूट टाकला तर काय बिघडलं?"

"काय बिघडलं? अगं, आत नान असतो!"

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच जीभ चावावीशी वाटली. माणसं एकमेकांच्या हातांकडे बघायला लागली.

"कचऱ्याची पेटी?" आपा हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, पोरांनी एवढी पांढरीशुभ्र केलीय, रोज पुसतात, म्हणजे नानसाठीच असणार. पूर्वी खांब होता ना इथं."

"खांब आम्ही उपटला, आपा." बेगिमायनं मान खाली घातली. "आमचीच चूक. तुम्ही नान ठेवता, गायी पुठ्ठे तुडवतात, ट्रक परत जातो आणि सगळं घळीत जळतं. मग बायएल खोकतो."

आपांनी नान कपाळाला लावला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अरे, मग उभे काय राहिलात?" तुरदुबेक बायके एकदम गरजले. "खांब आणा! पुरा आत्ताच्या आत्ता!"

"पण परवानगी, बायके?" ग्लेब एका पायात बूट घालून उभा होता. "अर्ज? महिनाभर?"

"कसली परवानगी! माझा हात दुखायला लागलाय!"

सगळा चौक खो खो हसला. तेवढ्यात गल्लीतून तिलेक खांद्यावर खांब घेऊन पळत आला, आणि त्याच्यामागून मोकळ्या सुटलेल्या साऱ्या कोंबड्या. खड्डा स्वतः तुरदुबेक बायकेंनी खणला, चांगला कमरेएवढा. कुबात बायकेंनी नवे खिळे ठोकले, गायींच्या नाकापासून खूप उंच.

शनिवारी जोलदोश बायकेंनी प्रत्येक गठ्ठ्यावर हात फिरवला, वास घेतला आणि एक पुठ्ठा गालाला लावून बघितला.

"कोरडा! चढवा रे पोरांनो!"

शुक्रवारी दिवसभर सगळ्या गल्लीनं आणून दिलेल्या पुठ्ठ्यांनी ट्रक काठोकाठ भरला. कुबात बायकेंनी पोरांना समोसे दिले. झामिरा एजे म्हणाल्या, "आम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिलो. या पोरांनी मात्र आमची अब्रूही राखली आणि आमचे डोळेही उघडले." तुरदुबेक बायके खाकरले. त्यांनी ग्लेबला नवेकोरे बूट देऊ केले, आणि ते नक्की कुठल्या खात्यातून येणार, असं ग्लेबनं विचारलंच!

संध्याकाळी वारा पुन्हा घराच्या दिशेनं फिरला. बेगिमाय सवयीनं खिडकी लावायला धावली, पण आपांनी तिचा हात धरला. वाऱ्याला नुसता गवताचा वास येत होता.

वेशीवर बायएल उभा होता. गुरांची धूळ दिसू लागली तशी त्यानं छाती भरून श्वास घेतला.

"कारा-काऽऽऽश!"

हाक पार टेकडीपर्यंत गेली. बेगिमाय दारात थांबून खोकला येण्याची वाट बघत होती. तो आलाच नाही.