पहिला पगार होईपर्यंत

"जरा सरकता का? हे दार काढायचंय मला."

ती दचकली. पाळणाघराच्या दाराला कान लावून ती बाकाच्या टोकाशी इतकी वाकून बसली होती, की मागे कोणी येऊन उभं राहिलंय हे तिला कळलंच नव्हतं. वळून पाहिलं तर एक सुतार. हातात पटाशी, कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती आणि त्याचे खांदे ओले होते.

"आत्ता नका ना काढू," ती कुजबुजली. "माझी मुलगी आहे आत. आत्ता कुठे रडायची थांबलीय."

"मग काढायलाच हवं. तुम्हाला दिसेल तरी."

"आणि तिला मी दिसेन त्याचं काय? मग पुन्हा सुरू..."

त्याने दाराकडे नीट पाहिलं. पावसाने फुगलेलं जुनं दार, बिजागरीच्या बाजूला बोटभर फट पडलेली. तो उकिडवा बसला आणि फटीला डोळा लावला.

"लाल फ्रॉक?"

"हो..."

"शेजारच्या पोराच्या हातातलं बिस्कीट ओढून खातेय."

"तीच!" ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिला खुदकन हसू आलं.

"मग दाराचं शेवटी बघू," असं म्हणून तो खिडकीकडे वळला.

पाळणाघराचा नियमच तसा होता. पहिला आठवडाभर मुलाला सवय लावायची. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग चार... आणि आईने बाहेर बाकावर बसून राहायचं. पुढच्या सोमवारी ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू होणार होती. लग्नाआधी तेच काम करायची. लग्नानंतर सुटलं. गेल्या वर्षी नवरा कागदावर सही करून मोकळा झाला, आणि ती दोन वर्षांच्या चिंगीला घेऊन एका खोलीत राहायला आली. चार वर्षं घरी बसलेल्या बाईला नोकरी कोण देतं? तीन ठिकाणी नकार आला, चौथ्या ठिकाणी हो म्हणाले. त्या दिवशी ती रस्त्यातच चिंगीचे पटापट मुके घेत सुटली होती.

मग पाळणाघराच्या बाईंनी कागद पुढे केला. तीन महिन्यांची फी आगाऊ, शिवाय अनामत. शनिवारपर्यंत. पगार मात्र महिना भरल्यावर. म्हणजे पोरीला ठेवायची सोय झाली तर नोकरी, आणि नोकरीचा पैसा हातात आला तर सोय! तिच्याजवळ एका महिन्याचे जेमतेम होते. भावाला फोन केला. दादा म्हणाला, "बघतो." दादाचं 'बघतो' म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मंगळवारी ती बाकावर बसली, तर सुतार खिडकीशी रंधा मारत होता. दाराची फट तशीच होती.

"दार राहिलं वाटतं?" तिने विचारलं.

"बाईही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, लाकूड ओलं आहे, वाळू दे."

"या पावसात वाळणार?"

"नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "शनिवारपर्यंत तरी नाही."

ती गोरीमोरी झाली. पदर सारखा करायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली... आणि मग फटीतून बघायला लागली.

बुधवारी ती त्याच्यासाठीही डब्यात चार घास जास्त घेऊन आली. तो घाईघाईने खात होता.

"कुणी मागे लागलंय का?"

"वडील घरी आहेत. अंथरुणाला खिळलेत. शेजारच्या मावशी दुपारपर्यंत त्यांच्यापाशी बसतात. म्हणून मी दुपारपर्यंत सुतार. नंतर आई."

"आई?"

"भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची. अंगाई तेवढी म्हणत नाही."

"का बरं?"

"म्हणून पाहिली. 'गप बस' म्हणाले."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. त्याने पाहिलं. जेवण झाल्यावरही तो रंधा बराच वेळ नुसताच हातात धरून बसला.

गुरुवारी प्रयोगशाळेत जाऊन तिने मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे उचल मागितली. "रुजू व्हायच्या आधीच?" एवढंच त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. शुक्रवारी बाकावर बसून तिने सुताराला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे... त्या ओल्या, अंधाऱ्या बोळकांडीत दुसरं कोणी नव्हतं म्हणूनही असेल.

शनिवारी बाईंनी तिला आत बोलावलं. "सध्या एका महिन्याचे भरा. बाकीचे पगार झाल्यावर. सुतार म्हणाला, त्याची मजुरी तोवर माझ्याकडेच राहू दे. तुमच्या राहिलेल्या फीपोटी."

ती तरातरा बाहेर आली.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मी हात पसरला होता का तुमच्यापुढे?"

"नाही. अडल्यासारख्या दिसलात. मीही अधूनमधून अडलेला असतो, म्हणून ओळखू येतं."

"पण तुम्ही कोण माझे?"

त्याने बोटाने लाकडावरचा भुसा झटकला. "अजून तरी... कोणी नाही."

तिला फाडकन बोलायचं होतं. तेवढ्यात आतून चिंगीचं खळखळून हसणं ऐकू आलं, आणि तिने शब्द गिळले.

"पगार झाला की त्याच दिवशी देईन. एक दिवससुद्धा उशीर होणार नाही."

"मला काही घाई नाही," तो म्हणाला. दुपारी घरी जायच्या आधी त्याने दार बसवलं. फट बुजली.

नोकरी सुरू झाली. तो तिथेच मुलांच्या बुटक्या खाटा करत होता, त्यामुळे रोज सकाळी पाच मिनिटं भेट व्हायची. तो तिच्या कडेवरून चिंगीला घ्यायचा आणि म्हणायचा, "पळा, बस जाईल." संध्याकाळी चिंगीच्या स्वेटरला लाकडाचा वास यायचा. एकदा त्या स्वेटरमध्ये नाक खुपसून ती किती वेळ बसून राहिली आणि मग एकटीच लाजली.

कितीदा तरी शब्द ओठांवर यायचे. पण ज्याचं देणं डोक्यावर आहे, त्याला काय सांगायचं? त्याला वाटेल, पैशांऐवजी गोड बोलून फेडतेय. ती पायऱ्या उतरायची आणि बस पकडायची.

तिसऱ्या आठवड्यात तो यायचा थांबला. चौथ्या दिवशी बाईंनी सांगितलं, "त्याचे वडील गेले. शेजारच्या मावशी लेकीकडे गेल्या होत्या. वडिलांपाशी बसायला दिवसापुरती बाई लावणार होता तो, माझ्याकडे ठेवलेल्या मजुरीतून. मी म्हटलंही त्याला, घेऊन जा... तर नको म्हणाला. त्या सकाळी म्हातारा घरी एकटाच होता. हा इथे खाटांना रंग देत होता."

तिच्या हातातून चिंगीची पिशवी गळून पडली.

पगार झाला त्याच दुपारी तिने पाळणाघराचं देणं चुकतं केलं. बाईंनी त्याची मजुरी पाकिटात घालून दिली. ते पाकीट घेऊन, चिंगीला कडेवर घेऊन ती त्याचं घर शोधत गेली. पाऊस पडतच होता. दार उघडंच होतं. आत एक खाट, गुंडाळून ठेवलेली गादी, फळीवर औषधांच्या अर्ध्या बाटल्या. आणि भिंतीला टेकून तो. दाढी वाढलेली.

तिने पाकीट पुढे ठेवलं. 

"माझ्यामुळे झालं का?" तिने विचारलं.

"रोज स्वतःला विचारतो," तो म्हणाला. "झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, शेजारी माणूस असतं तरी कळलं नसतं. पण हात हातात असता... एवढं खरं आहे."

"नुसतं 'नाही' म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"तुमच्याशी खोटं बोलवत नाही. एकदाच बोललो, 'मला काही घाई नाही' म्हणालो तेव्हा."

तिला रडू फुटलं नाही. तिने पाकीट आणखी थोडं त्याच्याकडे सरकवलं.

"आता तुमचं काही देणं राहिलं नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "म्हणून आज सांगता येतंय. मला तुम्ही... सकाळची ती पाच मिनिटं असायची ना, त्यांवर माझा दिवस निघायचा. हे उपकार फेडण्यासाठी नाही सांगत. उपकार फिटायचे नाहीतच."

त्याने मान वर केली. डोळे लाल होते. "मलाही तेच सांगायचं होतं. तुमचा पगार व्हायची वाट बघत होतो, तुमच्यावर ओझं नको म्हणून. आणि आता... आता मला आनंदच होत नाहीये हो."

"मी आनंद मागायला आलेच नाही. नुसती बसायला आलेय."

ती त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. त्याचे खांदे हलायला लागले. वडील गेल्यापासून तो रडलाच नसावा. तिने त्याच्या खरबरीत हातावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

चिंगीला या कशाचंच काही नव्हतं. ती दुडुदुडु गेली आणि खटपट करून रिकाम्या खाटेवर चढली. तिला उतरवायला आई गडबडीने उठायला लागली, तसा त्याने आईचा हात घट्ट धरला.

"राहू दे तिला," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी हळू... "आणि तूही थांब."

ती थांबली.