हिरव्या मखमलीचा तुकडा

धाकटा घराबाहेर गेला तर दादाला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

वडिलांचं दुकान मिळणार होतं. अगदी रस्त्यालगतचं, मोठ्या शटरचं. धाकटा तिथे ठाकठोक करत बसला होता, तोवर ते भाड्याने देता येत नव्हतं. शिवाय ‘तो तुमचाच भाऊ ना?’ हा प्रश्नही बंद होणार होता.

आणि गमवायचं काय होतं? काहीच नाही. घरात एक नशेबाज असला की बाकीच्यांची मोठी सोय होते. हरवलेली प्रत्येक वस्तू त्याच्या नावावर टाकता येते.

ही घटना खरी आहे. जिच्याबाबतीत घडली त्या मधल्या बहिणीच्या तोंडून मी ऐकली. आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते.

दुकान खाली, घर वर. दादा लग्नानंतर दुसरीकडे राहायला गेला. वरच्या घरात उरली मधली आणि धाकटा.

धाकट्याला सगळे खिळ्या म्हणायचे. सोफे मढवताना तो मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचा आणि एकेक जिभेने पुढे आणून चुंबकाच्या हातोडीला लावायचा. म्हणून त्याचा ठोका वेगळा होता. टक्... मग थांबून टकटक.

दुकानाची एक रीत होती, वडिलांपासूनची. जुना सोफा उसवला की आत काय काय सापडायचं. किल्ल्या, अंगठ्या, एकदा तर कवळी. सापडलेली वस्तू त्याच सोफ्याच्या कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधायची, वर सुतळीची गाठ मारायची आणि मालकाला द्यायची. कापड बघितलं की वस्तू कुठे होती ते कळायचं. कवळी मात्र कुणी न्यायला आलं नाही.

वाकून वाकून खिळ्याची कंबर धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. पुढे गोळ्यांनी भागेना, तेव्हा पावडर आली.

मग घरातलं सामान जायला लागलं.

मिक्सर गेला, तेव्हा मधलीने शेजारणीला सांगितलं की दुरुस्तीला दिलाय. शिलाई मशीन गेलं, तेही दुरुस्तीलाच. शेजारीण म्हणाली, एकदा घरच देऊन टाका दुरुस्तीला.

दादा दर भेटीत सांगायचा, काढ त्याला बाहेर. मधली ऐकून घ्यायची आणि ताटं मात्र दोन वाढायची. एक तिचं, एक त्याचं.

मग आईचं सोन्याचं घड्याळ गेलं.

आईच्या मागे उरलेली तेवढीच वस्तू होती. कपाटाचं कुलूप शाबूत, आतली डबी रिकामी. संध्याकाळी मधलीने खिळ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि आतून साखळी लावली.

तो फटीतून बोलला. आवाज अजिबात चढा नव्हता.

“ताई, मिक्सर मी नेला. मशीन मी नेलं. तुझ्या पर्समधून किती वेळा घेतलं ते मलाही आठवत नाही. पण घड्याळ मी नाही घेतलं.”

“खिळ्या, तू खरं बोललास तरी मला आता कसं कळणार?”

त्याने पिशवी उचलली. तो गेला.

थंडी संपायच्या आत तो बसस्टँडच्या मागच्या बाजूला मेलेला सापडला. दादाने सगळं नीट पार पाडलं. मग दुकानाचा हक्कसोडीचा कागद आणला आणि मधलीने सही केली. तिला तरी त्या दुकानात कुठे जायचं होतं?

महिनाही झाला नसेल. दुपारी ती भांडी घासत होती.

खालून आवाज आला...

टक्.

तिने नळ बंद केला.

टकटक.

दुकान रिकामं होतं. शटरला बाहेरून कुलूप होतं. तिच्याजवळ जिन्यातल्या दाराची किल्ली होती. ती खाली गेली, दार उघडलं आणि...

आत कुणीच नव्हतं.

धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पण कामाच्या फळीवर एक छोटं गाठोडं होतं. सुतळीची गाठ, तीच.

आत तिचं कानातलं निघालं. हरवलं होतं तेव्हा तिने न विचारता खिळ्याच्या नावावर टाकलं होतं. बांधलेलं कापड पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं होतं.

तिला ते कापड ओळखायला वेळ लागला नाही. वर जाऊन तिने स्वतःची गादी उलटी केली.

खालच्या बाजूला एक चौकोन कापलेला होता. सरळ, स्वच्छ, कारागिराच्या हाताचा.

कानातलं कधी घराबाहेर गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तोच ठोका. आणि फळीवर दुसरं गाठोडं... हिरव्या मखमलीचं.

मधलीने ते उघडलं नाही. हातात धरूनच तिला कळलं. काच, छोटी चावी, साखळी. आणि ती मखमलही तिच्या ओळखीची होती. दादाने नवीन घर घेतलं, तेव्हा खिळ्याने स्वतः सोफा मढवून भेट दिला होता. त्या रंगाचं कापड मिळवायला तो तीन बाजार फिरला होता.

ती तशीच दादाकडे गेली. वहिनी चहा टाकायला आत गेली. दादा सोफ्यावर बसून क्रिकेट बघत होता. मधली खाली बसली आणि तिने सोफ्याची मागची झालर वर केली.

चौकोन कापलेला होता.

तिने गाठ सोडली आणि घड्याळ दादाच्या मांडीवर ठेवलं. दादाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग टीव्हीचा आवाज कमी केला. वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून.

“विकणार नव्हतो गं,” तो म्हणाला. “नुसतं ठेवलं होतं.”

तिने कापलेल्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

“मिक्सर गेला तरी तू त्याला जेवायला वाढत होतीस. मशीन गेलं तरी वाढत होतीस. तू ऐकत नव्हतीस. तुला लागेल असं काहीतरी जायला हवं होतं.” मग रिमोट बाजूला ठेवून, “तुझ्यासाठीच केलं मी.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी चोर-पोलीस खेळतानाही हा असाच, हरायची वेळ आली की नियम सांगायचा.

तेवढ्यात...

टक्.

दादा जिथे बसला होता त्याच्या बरोबर खालून.

टकटक.

“वाळवी आहे,” दादा घाईने म्हणाला.

वहिनी ट्रे घेऊन दारातच उभी होती. “वाळवी दुपारचीच बरी येते हो तुमची,” ती म्हणाली.

दादाने तो सोफा दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला. तेव्हा आवाज खुर्चीतून यायला लागला. खुर्ची काढली तर पलंगातून. आता दादा फरशीवर चटई टाकून झोपतो. पाहुण्यांना सांगतो की कंबरेला बरं पडतं.

कशाने होतं हे, मला माहीत नाही. मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. पाणी न पिताच निघालो. का, ते विचारू नका.

मधलीने ही हकीकत मला सांगितली, तेव्हा तिला भीती वाटत नव्हती. ते मला जास्त जड गेलं. तिच्याकडचा ठोका त्या दिवसापासून बंद झाला. ती जिन्यातलं दार उघडं ठेवून दुपारभर बसते. दुकान अजून रिकामंच आहे; खाली जाते, फळी पुसते, वर येते.

“दादाकडे रोज जातो तो,” ती म्हणाली. “माझ्याकडे येत नाही.”

तर ही बेरीज. दुकान दादाला मिळालं. खिळ्याने जे चोरलं त्याची किंमत त्याने दिलीच, आणि जे चोरलं नाही त्याची जिवानिशी दिली. दादा थोडी थोडी देतोय. आणि जिने साखळी लावली, तिच्याकडे मागायलासुद्धा कुणी येत नाही.