योगिनीचा जन्माचा उपास

"फाटलं! पुन्हा फाटलं!" मयूर ओरडला.

"हळू! आजी उठेल. आणि धिरडं नाही म्हणायचं, क्रेप म्हणायचं." हर्षालीनं उलथन्यानं तव्यावरचे तुकडे गोळा केले.

"नाव बदललं म्हणून फाटायचं थांबतंय होय?"

ओट्याला टेकून उभी असलेली योगिनी हसली. हल्ली तिला हसायलाही कष्ट पडत. गहू तिच्या पोटाला चालत नाही, ह्या दुखण्याला सिलिॲक म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पोळी, पाव, बिस्कीट, शेवया, सगळं सुटलं. सुटल्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. पण ज्याला त्याला तेच तेच समजावायचं आणि समोरच्यानं "अगं, एवढ्याशानं काय होतंय!" म्हणून हात झटकायचे, ह्याचा तिला वीट आला होता. निदान सुट्टीत तरी कोणी आपल्या ताटात डोकावू नये, म्हणून ती देवळाली कॅम्पहून जेल रोडला उज्वलाआत्याकडे आली होती.

आत्याच्या ह्या दोन पोरांनी मोबाईलवर बघून मामेबहिणीसाठी घाट घातला होता. तांदळाचं पीठ, दूध, कुस्करलेलं केळं आणि आत आंब्याच्या फोडी. फाटके तर फाटके! तिघांनी बोटं चाटून खाल्ले.

संध्याकाळी योगिनी पोट धरून आडवी झाली.

झालं! आत्याच्या सासूबाई, बयाबाई, कंबरेवर हात ठेवून समोर उभ्या. वय झालं होतं, पण जिभेची धार काही बोथट झाली नव्हती.

"चोरून काय खाल्लंस? डब्यातली खारी कमी झालीय."

"मी नाही खाल्ली, आजी."

"खारी मी खाल्ली!" मयूर मधेच म्हणाला.

"तू गप! बहिणीला पाठीशी घालतोय. उज्वला, तुझ्या भावाला फोन कर. म्हणावं, उद्या येऊन लेकीला घेऊन जा. सुनेच्या माहेरची पोर, काही झालं तर नाव माझंच निघायचं!"

आत्या नुकतीच नोकरीवरून आलेली, खांद्यावरची पर्सही उतरली नव्हती. ती वाकून हळूच म्हणाली, "योगिनी, खाल्लं असशील तर सांग गं. मी नाही रागावणार."

आजीचं बोलणं योगिनी कशीबशी सोसत होती. आत्याचं मात्र जिव्हारी लागलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं. सुट्टी गेली तर गेली, पण खोटारडी म्हणून घरी जायचं?

मोठी माणसं बाहेर गेल्यावर हर्षाली जवळ सरकली.

"तू चोरून खाल्लं नाहीस, हे मला माहितीये. मग गहू तुझ्या पोटात शिरला कुठून?"

"दुधात गहू नसतो. केळ्यात नसतो. आंब्यात तर नसतोच," मयूर म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "पीठ! तांदूळ मीच दळून आणले, गल्लीच्या तोंडाशी रंगनाथकाकांच्या गिरणीतून!"

"चला!" हर्षाली उठली. "योगिनी, तू झोप."

"माझं पोट आहे. मीच जाणार," योगिनी म्हणाली आणि पाय ओढत निघाली.

गिरणीत कानठळ्या बसत होत्या. रंगनाथकाकांच्या भुवयांवरही पीठ. एका बाईचं गव्हाचं दळण संपलं, डबा बाजूला झाला, आणि काकांनी त्याच चक्कीत पुढच्या माणसाचे तांदूळ ओतले. ना झाडणं, ना पुसणं! तोंडातून आधी तांबूस पीठ आलं, मग हळूहळू पांढरं.

"काका!" हर्षाली ओरडली. "त्यात आधीचा गहू मिसळला!"

"मिसळतो थोडा. त्यानं काय होतंय? आजवर कुणी मेलंय का?"

"हिचं पोट दुखतं. आमच्यापुरती चक्की साफ कराल?"

काका खदाखदा हसले. "एका पोरीच्या पोटासाठी चक्की खोलू? लय कामं हायेत मला!"

योगिनीला तिथंच पोत्यावर बसावंसं वाटलं. पुन्हा तेच. सगळीकडे तेच!

इतक्यात एक मावशी भगरीची पिशवी घेऊन आल्या. "रंगनाथ, उद्याची एकादशी. दळून दे रे."

"आत्ता नाय, मावशी! उपवासाचं सकाळी पहिलं. चक्की खोलून, ब्रशनं झाडून, पुसून घेतो, मगच टाकतो. गव्हाचा कण लागला तर पाप माझ्या माथी!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मयूर कुजबुजला, "बघितलंस? पोटासाठी नाही, पण पुण्यासाठी साफ होते!"

सकाळी गिरणी उघडायच्या आत तिघं दारात हजर. पिशवीत भगर आणि वर मूठभर राजगिरा.

"कुणाचा उपास?" काकांनी विचारलं.

हर्षालीनं आजीचं नाव सांगायला तोंड उघडलं, पण योगिनीच पुढे झाली. आता खोटं बोलायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

"माझा."

"एवढीशी तू! कसला उपास?"

"गव्हाचा. रोजचा. जन्मभराचा."

घासलेली चक्की काकांनी पुन्हा एकदा पुसली.

घरी उपवासाचा तवा वेगळाच होता, त्याला कधी पोळी लागली नव्हती. पिठात दूध, केळं आणि किंचित सैंधव घालून हर्षालीनं ते भिजू दिलं. मग तुपाचं बोट फिरवून तवा गोल हलवला. पातळ, जाळीदार, आणि अख्खं! आत आंबा, डाळिंबाचे दाणे. पहिलं ताट बयाबाईंना गेलं, दुसरं योगिनीला.

"फराळाचं केलंत? शहाणी पोरं गं माझी," म्हणत बयाबाईंनी हात पुढे केला.

"थांबा आजी!" हर्षालीनं मुठीत लपवून आणलेली कोरडी कणीक चिमटीत धरून त्यांच्या ताटावर नेली. "चिमूटभर टाकू? एवढ्याशानं काय होतंय!"

"अगं ए सटवे! हात मागे घे!" बयाबाईंनी ताट पदराखाली ओढलं. "उपास मोडेल की माझा!"

"तसंच हिचं पोट मोडतं. चिमटीनंच!" मयूर म्हणाला, आणि गिरणीत काय पाहिलं ते त्यानं घडाघडा सांगितलं.

दारात योगिनीचे वडील दीपक येऊन उभे होते, पायांत बूट तसेच. त्यांनीही सगळं ऐकलं होतं.

"दीपकराव, पोरगी कुठं जात नाय," बयाबाई म्हणाल्या. "खोटं ती बोलली नव्हती. खोटी मी पडले. मला एकादशी कळते, दुखणं कळत नव्हतं. ह्या तिघांनी ते मला ताटातून समजावलं. मोठी हुशार निघाली कार्टी!"

आत्यानं योगिनीला जवळ घेतलं. डोळे पुसत म्हणाली, "चुकलं गं माझं."

"गव्हाला लागलेला एकूण एक डबा आज घासून निघेल," बयाबाई पदर खोचत उठल्या. "आणि त्या रंगनाथाकडे मी स्वतः जाते. बघू, कसा हसतो ते!"

योगिनीनं ताट मांडीवर घेतलं. किती दिवसांनी, कोणालाही काहीही न समजावता, तिनं पहिला घास खाल्ला.