उजव्या काठचा ओढा

हिसाए बाईंनी वाळूच्या ट्रेवर फडकं टाकलं. सव्वीस वर्षं त्या या ट्रेमध्ये पाणी सोडून मुलांना नदी शिकवत होत्या. आता मुलं कुसुनोकी सरांच्या वर्गाकडे धावत. तिथे ब्राउझर उघडला की गावची अख्खी नदी पडद्यावर. बोटाने पाऊस पाडायचा आणि पूर किती चढतो ते रेषेत बघायचं.

"बाई, त्यात हात पण ओले होत नाहीत!" एक मुलगी म्हणाली होती. बाई हसल्या होत्या आणि आपले ओले हात फडक्याला पुसले होते.

शुक्रवारी शिक्षण खात्याचे लोक येणार होते. सरांची रेषा खऱ्या मोजणीशी जुळली, की ट्रे अडगळीत.

दुपारच्या सुट्टीत बाईंनी सरांचं मॉडेल उघडलं. सर मुलांना प्रवाह मोजायला डाव्या काठच्या ओढ्यावर नेत. तो त्यांनी पुसून टाकला. जुळव म्हणावं आता.

डावा-उजवा काठ ठरतो तो पाणी जातं तिकडे तोंड करून. बाई मात्र कायम ट्रेच्या खालच्या टोकाला, येणाऱ्या पाण्यासमोर उभ्या राहत. डावा काठ त्यांच्या उजव्या हाताला यायचा. त्याच सवयीने पडद्यावरही हात उजवीकडे गेला होता. पण इथली नदी उत्तरेला समुद्राकडे जाते. नकाशात पाणी खालून वर वाहतं, म्हणजे डावा काठ डावीकडेच येतो.

हे लक्षात आलं तेव्हा त्या घरी निघालेल्या बसमध्ये होत्या. पुसला गेला होता तो उजव्या काठचा, त्यांच्याच घरामागचा ओढा.

"ओढ्यावरच्या पुलाचा थांबा गेला का हो?"

"पूल?" ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "या रस्त्यावर पूल कुठाय, बाई?"

घरामागे ओढ्याच्या जागी मुळ्याचं शेत होतं. वाफे जुने, बांध गवताने भरलेले. पाण्याचा आवाज नव्हता.

आई ताटं मांडत होती. भाताच्या वाट्या तीन.

"तिसरी कुणाची?"

"तुझ्या भावाची. अजून कुणाची असणार?"

शुन्पेई सातव्या वर्षी त्या ओढ्यात बुडाला होता. त्याला चाळीस वर्षं झाली.

न्हाणीघरातून पुरुषी आवाज आला. "ताई, टॉवेल दे गं! किती वेळ?"

बाईंनी टॉवेल घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, कुसुनोकी बोलतोय. तुम्ही हाताने काढलेला नकाशा माझ्या वर्गात लावलाय ना, त्यात तुमच्या घरामागे ओढा आहे. मॉडेलमध्ये नाहीच! गंमत म्हणजे रेषा तरीही मोजणीशी तंतोतंत जुळतेय."

"मग राहू दे," बाई घाईने म्हणाल्या. "तुमचं मॉडेल बरोबर आहे, सर. माझा नकाशा चुकलाय."

"छे हो, नदी तुमच्याइतकी कुणाला ठाऊक आहे? तुमच्यावर भरवसा ठेवून मी ओढा मॉडेलमध्ये घातलासुद्धा."

न्हाणीघरात शांतता होती.

"शुन्पेई?"

घरामागे पाणी खळखळू लागलं.

आईने तिसरी वाटी उचलली आणि रोजच्यासारखी पितरांच्या देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवली.