रुक्माक्काचा अंगठा

फुलाचं कुणी खरं मानलं नाही. फरशी पुसणाऱ्या आयेचं कोण मानतंय!

रामनगरच्या त्या लहानशा दवाखान्यात टाके घातलेल्या बायकांच्या जखमा एकामागून एक चिघळायला लागल्या. पू, ताप, आणि कुठल्या औषधाला दाद नाही. सगळ्यांचं बोट फुलाकडं.

"अरे, रोज दिवेलागणीला ह्यांच्या कपाळावर ओला अंगारा असतोय!" ती ओरडून सांगायची. "मी लावत न्हाई. मग लावतंय कोण?"

"भुताला बी पगार सुरू करूया काय?" कंपाउंडर वासू हसायचा.

अंगारा लावायची रीत रुक्माक्काची, फुलाच्या आधीच्या आयेची. प्रत्येक बाळंतिणीच्या कपाळाला अन् पट्टीला ती अंगठा टेकवायची. अंगठा लाभतो म्हणून लोक हाक मारून बोलवायचे. शिमग्याआधी तोच अंगठा पिकला अन् त्यातच ती गेली. अंगाऱ्याची डबी फुलानंच काळी नदीत सोडली होती.

स्नेहा डॉक्टरनी सगळ्यांच्या जखमांतला पू अन् फुलाच्या हातावरचा नमुना बेळगावला धाडला, जंतूंची कुळी तपासायला. निकाल आला त्याच दिवशी फुलाच्या लेकीचं, रक्षिताचं पोट फाडून बाळ काढलं. पोरीला आत नेताना फुलाच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "अक्का, पोरीकडं ध्यान असू दे."

सांज झाली. लाइट गेली. घाटाकडं निघालेल्या ट्रकांची घरघर भिंतीतून येत होती. डॉक्टर मोबाइलवर निकाल वाचत होत्या.

"फुला, तुझे हात स्वच्छ आहेत. सगळ्या जखमांत एकाच कुळीचे जंतू... जुळतात ते रुक्मा आजारी असताना धाडलेल्या तिच्या अंगठ्याच्या नमुन्याशी."

"मग मी काय सांगत हुते?"

"तसं नव्हे गं. जिवंत जंतू वाढता वाढता थोडे बदलतात. हे... तिळभरही बदललेले नाहीत. जणू आत्ताच त्या अंगठ्यावरून..."

फुला पुढचं ऐकायला थांबली नाही.

रक्षिता खाटेवर शांत पडली होती. कपाळावर ओला अंगारा. पोटाच्या पट्टीवरही. त्याला पिकल्या जखमेचा वास.

"कुणी लावलं हे? बोल की गं!"

रक्षिता हसली. ती कॅसलरॉकला सासरी. गावातल्या मयताच्या बातम्या तिच्यापर्यंत पोचायच्या राहून जात.

"ओरडतीस कशाला, आई? तूच हाक मारलीस म्हणाली..."

"कोण म्हणाली?"

"आपली रुक्माक्का."