तीन बोटांचा खंड्या

“पळस कोनं तोडला?” शुभांगी नाल्याच्या काठावरच थबकली.

पोळ्याच्या सुट्टीत ती, अश्वजित आणि मोनू रोज इथं येत. काठातल्या बिळात तिबोटी खंड्याची पिल्लं होती. चिमणीएवढा जांभळा-नारिंगी पक्षी, या भागात क्वचितच दिसणारा! पण आज बिळावरची सावली गेली होती, आणि चोचीत बेडकी धरून तो लांबच भेदरून बसला होता.

“पोळ्याचे मेढे असतीन. लोक पळसाच्या फांद्या दाराले लावतेत ना,” मोनू म्हणाला.

“मंग घरी नेल्या काहून नाही?” अश्वजितने खाली पडलेला ढीग दाखवला.

ढिगाशेजारी कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण होतं. शुभांगीने ते लगेच ओळखलं. घनश्यामदादाचं! भंडाऱ्याच्या या मावसभावानेच तिला पक्ष्यांची बोटं मोजायला शिकवली होती. लहान खंड्याला चार, त्याची प्रजाती अल्सिडो. तिबोटीला तीन, तो सीक्स प्रजातीतला. बिळाची जागा तिने फक्त त्याला दाखवली होती. कुणाला सांगणार नाही, अशी शपथही त्याने घेतली होती.

तेवढ्यात एक जीप थांबली. चार कॅमेरेवाले उतरले. “घनश्याम मागून येतोय. तिबोटी कुठाय?”

म्हणजे शपथही मोडली! शुभांगीला रडू कोसळणार होतं, पण पिल्लं उपाशी होती. तिने डोळे पुसले. “चला, दाखवते.”

ती त्यांना पार पलीकडच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, घेऊन गेली. तिथं काठीवर निळा खंड्या बसला होता. “हाच ना, काका?” तिने भोळेपणाने विचारलं.

एकाने फोटो मोठा करून पाहिला. “चार बोटं! हा तर साधा लहान खंड्या. घनश्यामने चांगलंच बनवलं आपल्याला.” जीप धुरळा उडवत निघून गेली.

इकडे अश्वजित-मोनूने फांद्या सावलीसाठी बिळापुढे चिखलात रोवल्या होत्या. ते पाहून गस्तीवर आलेल्या वनरक्षक टेकचंदमामांनी त्यांची पाठ थोपटली. “शाब्बास पोट्टेहो! आता अठी मीच लक्ष ठेवतो.”

शुभांगी परतली, आणि मागोमाग घनश्याम आला तो चिडूनच. “माझं हसं झालं, शुभे. फोटोत पानं मधात येत होती, म्हणून तोडली. एवढं काय झालं?”

तिने झाकण त्याच्या हातात ठेवलं.

“जागा मी आईलेही नाही सांगतली, दादा. तुलेच सांगतली होती.”

घनश्याम खाली मान घालून निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावरच खंड्या बेडकी घेऊन बिळात शिरला.