अकराव्या भागानंतरची विश्रांती

शांतलिंगला स्वतःचं नाव सांगता येत नसे. शेतकीची पदवी होती, बियाणांच्या जाती तोंडपाठ होत्या. पण कुणी नाव विचारलं की जीभ पहिल्याच अक्षराला अडायची. मग समोरचा माणूस घाईनं ते नाव स्वतःच पुरं करून टाकायचा, आणि शांतलिंगच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गेल्या मुलाखतीत तर साहेबांनी कागदच पुढं सरकवला, लिहून द्या म्हणून. पुरं होईपर्यंत थांबायची ती एकटी त्याची आई, लक्ष्मम्मा.

उद्या मंगळवारी सोलापूरच्या एका बियाणे कंपनीत चौथी मुलाखत होती. ही हुकली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

त्यासाठीच मोबाइलवर बारा भागांचा कार्यक्रम घेतला होता, न अडखळता बोलण्याचा. एक भरदार पुरुषी आवाज शिकवायचा. ‘माझ्यामागोमाग म्हणा, माझं नाव...’ म्हणून थांबायचा, आणि शेवटी दर वेळी बजावायचा, आता दिवसभर विश्रांती, पुढचा भाग उद्याच. नऊ भाग शांतलिंगनं निमूट पाळले. आता भाग उरले तीन आणि दिवस एक. विश्रांती हा शब्द ऐकला तरी त्याचं डोकं फिरत होतं.

सकाळी त्याच्या कानात वायरी बघून लक्ष्मम्मा म्हणाली, “आज सोमवार हाय. बैलाच्या मानंवर बी आपण जू ठेवत न्हाय. कानाला सुट्टी दे की.”

बैलाची उद्या मुलाखत नाही, एवढं म्हणायला त्याला बराच वेळ लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ती मागं गोठ्याकडं गेली.

हायवेवरच्या ट्रकांचा आवाज नको म्हणून त्यानं खिडकी लावली. दहावा भाग नीट गेला. लगेच अकरावा लावला. त्यात तो आवाज बसलेला होता. दोन वाक्यांच्या मध्ये धाप ऐकू येत होती, पाठीवर पोतं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखी. विश्रांतीची सूचना पुरी व्हायच्या आतच शांतलिंगनं बारावा भाग सुरू केला.

“माझं नाव श... श...”

डाउनलोड बिघडलं, असं त्याला वाटलं. त्यानं मागं नेऊन पुन्हा लावलं. तिथंच अडलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा घशातला कोरडा आवंढासुद्धा ऐकू आला.

“श... श...”

चीड अनावर झाली. ज्यासाठी जन्मभर लोकांना शिव्या घातल्या, तेच त्यानं केलं.

“शांतलिंग,” त्यानं पुरं करून टाकलं.

स्वच्छ. भरदार. त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. कुठंही अडलं नाही.

मोबाइल गप्प झाला होता. कानातल्या वायरी ओढून, मोबाइल खाटेवर टाकून शांतलिंग अंगणात धावला.

“अव्वा, मला बोलता येतंय.”

लक्ष्मम्मा गोठ्यातून आली. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

“बसा. शांतलिंग आत हाय. बोलावते.”

तो काही बोलणार, तोच आतून, खाटेवरून आवाज आला.

“अ... अ...”

त्याला वळसा घालून ती आत गेली. खाटेशी टेकली.

“सावकाश बोल, बाबा. मी हाय इथंच.”

आणि शब्द पुरा होईपर्यंत ती थांबून राहिली.